वाघीण लहान, पण जोड पक्का हवा

मालगाडीच्या प्रतिकृतीसाठी चिकटद्रव्याची निवड आणि बारकाव्यांची जोडणी

बेळगावात टिळकवाडी ओलांडून खानापूर रस्त्याने पुढे गेले, की उद्यमबागेची औद्योगिक वसाहत लागते. ओतकाम, लेथकाम, हायड्रॉलिक्सचे सुटे भाग अशी कामे येथे अनेक वर्षे चालत आली आहेत. वसाहतीच्या अलीकडेच तिसरे रेल्वे फाटक आहे. मिरजेहून लोंढ्याकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. फाटकाशी थांबून मालगाडीच्या वाघिणी मोजण्याचा खेळ या भागातील कित्येक पिढ्या खेळल्या आहेत. हाच मार्ग पुढे लोंढ्याला हुबळीकडून येणाऱ्या मार्गाला मिळतो आणि तेथून कॅसलरॉक, कुळे, सावर्डे, मडगाव असा उतरत मुरगाव बंदराशी पोहोचतो. त्यामुळे गोव्यातील माणसाला आणि उद्यमबागेतील कामगाराला मालगाडी सारख्याच परिचयाची आहे.

या परिचयातून काहींना एक छंद जडतो. खरी वाघीण घरी आणता येत नाही, तेव्हा तिची हुबेहूब लहान प्रतिकृती तयार करायची. पुण्यात कोथरूडला १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेल्या अनेक मुलांना या छंदाची पहिली ओढ लागते. संच विकत घेतला जातो, दोन रविवार खपून वाघीण उभी राहते आणि तिसऱ्या पावसाळ्यात तिची शिडी गळून पडते, बाजूची भिंत सुटते, नाही तर पोटातले वजन फुगून तळच फुटतो. दोष बहुधा हाताचा नसतो. चुकीच्या जागी चुकीचे चिकटद्रव्य वापरले गेलेले असते.

आधी मोजमाप

प्रतिकृतींच्या जगात सर्वांत रूढ प्रमाण ‘एचओ’ म्हणजे १:८७ हे आहे. आपल्याकडील मालगाड्यांत सर्रास दिसणारी उघडी वाघीण ‘बॉक्सएन’ कपलरसह १०,७१३ मिलिमीटर लांब असते. ८७ ने भागले, की प्रतिकृती सुमारे १२३ मिलिमीटरची होते. रुळापासून ३,२२५ मिलिमीटर असलेली तिची उंची सुमारे ३७ मिलिमीटरवर येते. म्हणजे सगळी वाघीण तळहातावर मावते.

एक तडजोड मात्र सुरुवातीलाच मान्य करावी लागते. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर. बाजारात मिळणारे एचओ रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे, कारण ते १,४३५ मिलिमीटरच्या युरोप-अमेरिकेतील मापावर बेतलेले आहेत. बहुतेक छंदिष्ट वाघिणीचे अंग योग्य प्रमाणात बनवतात आणि चाके १६.५ मिलिमीटरवर ठेवतात. बाजूने पाहताना हा फरक जाणवत नाही.

प्लास्टिक ओळखल्याशिवाय नळी उघडू नये

चिकटद्रव्य निवडण्याचा पहिला नियम असा, की गोंदाच्या नावापेक्षा चिकटवायच्या वस्तूचे नाव आधी विचारावे. संचातील अंगाचे भाग बहुधा पॉलिस्टायरिनचे असतात. बोगीची चौकट, चाकांचे आस किंवा कपलर यांसाठी मात्र पुष्कळदा ॲसिटल, नायलॉन अथवा पॉलिप्रॉपिलिन वापरतात, कारण हे पदार्थ गुळगुळीत असून झिजत नाहीत. जो गुण चाक सहज फिरू देतो, तोच गुण गोंदाला धरू देत नाही.

घरी करता येण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या काडीला लागून येतात, त्या काडीचा तुकडा पाण्यात बुडवून बोटाने बुडबुडे काढून टाकावेत. तुकडा तरंगला, तर तो पॉलिइथिलिन किंवा पॉलिप्रॉपिलिन समजावा. त्यावर घरातले कोणतेही साधे चिकटद्रव्य टिकणार नाही. तुकडा बुडाला, तर दुसरी पायरी. त्यावर प्लास्टिक-सिमेंटचा एक थेंब टाकून अर्ध्या मिनिटाने टोचणीने पाहावे. पृष्ठभाग मऊ झाला असेल, तर पॉलिस्टायरिन किंवा त्याच्या जवळचे एबीएस आहे. काहीच परिणाम झाला नसेल, तर ॲसिटल किंवा नायलॉनची शक्यता धरावी आणि तो भाग गोंदाऐवजी लहान स्क्रूने किंवा खाचेत बसवून जोडावा. खऱ्या बोगीवरही वाघीण चिकटवलेली नसते, ती मध्यबिंदूवर टेकलेली असते. प्रतिकृतीतही बोगी स्क्रूवर फिरती ठेवणेच योग्य.

जोडानुसार चिकटद्रव्य

पॉलिस्टायरिनला पॉलिस्टायरिन जोडताना प्लास्टिक-सिमेंटला पर्याय नाही. नाव सिमेंट असले, तरी ते प्रत्यक्षात द्रावक असते. दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळतात, एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेला, की मधली सीमाच उरत नाही. हा जोड चिकटवलेला नसतो, वितळवून एकजीव केलेला असतो. उद्यमबागेतल्या वेल्डरला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पातळ सिमेंट वापरण्याची पद्धत अशी: दोन्ही भाग कोरडेच जुळवून धरावेत आणि बारीक कुंचल्याने फटीच्या एका टोकाला थेंब टेकवावा. केशाकर्षणाने द्रव आपोआप फटीत धावतो. थेंब जास्त झाला, तर तो बाहेर पसरतो, पृष्ठभागावरील खिळ्यांचे कोरीव ठसे वितळवतो आणि बोट टेकले असेल, तर बोटाचा ठसाही कायमचा उमटवतो. जोडावर रंग असेल, तर द्रावक प्लास्टिकपर्यंत पोहोचत नाही. म्हणून जोडाची जागा आधी खरवडून घ्यावी.

धातू, रेझिन किंवा वेगवेगळे पदार्थ एकमेकांना जोडायचे असतील, तर सायनोॲक्रिलेट उपयोगी पडते. फेवीक्विक या नावाने घरोघरी माहीत असलेला हाच तो ‘झटपट गोंद’. अमेरिकेतील ईस्टमन कोडक कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांनी १९४२ मध्ये हा पदार्थ प्रथम हाताळला. तेव्हा तो सगळ्यालाच चिकटतो म्हणून बाजूला पडला आणि १९५८ मध्ये तोच चिकटद्रव्य म्हणून बाजारात आला. हवेतील आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म ओलावा मिळाला, की तो घट्ट होतो. ओढले तर हा जोड चांगला धरतो, पण आडवा धक्का किंवा वाकवण्याचा ताण त्याला सोसत नाही. वाघीण टेबलावरून पडली, की फेवीक्विकने लावलेल्या शिड्या प्रथम उडतात, त्या यामुळेच. शिवाय सुकताना त्याची वाफ आसपास पांढरट थर धरते. त्यामुळे ब्रेकव्हॅनच्या खिडकीची पारदर्शक पट्टी याने कधीही लावू नये. तिला सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद पुरतो.

जिथे ताण आहे, तिथे दोन नळ्यांचे इपॉक्सी. ॲरल्डाइट हे त्याचे आपल्याकडचे परिचित नाव. कपलरची पेटी तळाला बसवणे, धातूचे वजन प्लास्टिकच्या तळाला लावणे, पितळी भाग जोडणे ही त्याची कामे. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्यावेत. कठीण करणारा भाग जास्त घातला म्हणजे जोड अधिक पक्का होतो, हा गैरसमज आहे. प्रमाण चुकले, तर मिश्रण चिवट किंवा कायमचे चिकट राहते. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या प्रकारापेक्षा रात्रभर वेळ घेणारा प्रकार साधारणतः अधिक मजबूत असतो. घाई नसेल, तर तोच घ्यावा.

फेवीकॉलसारखा पांढरा गोंद लाकूड, कागद, पुठ्ठा यांच्यासाठी आहे. वाघिणीची लाकडी फळ्यांची जमीन, पुठ्ठ्याचे छत किंवा वाघिणीतला माल बसवण्यासाठी तो उत्तम. गुळगुळीत प्लास्टिकवर मात्र तो पापुद्र्यासारखा निघून येतो. चपलांच्या आणि सनमायकाच्या कामाचा पिवळसर रबरी गोंद पॉलिस्टायरिनपासून दूर ठेवावा. त्यातील द्रावक पातळ भिंतीला हळूहळू वाकवतात आणि हे वाकणे काही दिवसांनी लक्षात येते.

त्रिमितीय छपाईने बनवलेल्या भागांचा प्रश्न अलीकडे वरचेवर येतो. छपाईचा नेहमीचा पीएलए हा पदार्थ पॉलिस्टायरिनच्या सिमेंटला फारशी दाद देत नाही. त्याला आणि रेझिनच्या छपाईला सायनोॲक्रिलेट किंवा इपॉक्सीच योग्य. आणि कारखान्यात बोल्टचे आटे सैल होऊ नयेत म्हणून जे द्रव्य लावतात, ते प्रतिकृतीवर वापरण्याचा मोह टाळावा. ते हवा नसलेल्या फटीत, धातूच्या सान्निध्यात घट्ट होते. प्लास्टिकवर ते ओलेच राहते आणि काही प्लास्टिकला तडे पाडते.

पोटातले वजन

हलकी वाघीण वळणावर रुळांवरून उतरते. अमेरिकेतील छंदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने एचओ डब्यांसाठी एक साधे सूत्र दिले आहे: मूळ एक औंस आणि दर इंच लांबीमागे अर्धा औंस. त्या हिशेबाने १२३ मिलिमीटरच्या बॉक्सएनचे एकूण वजन सुमारे ९७ ग्रॅम भरावे.

हे वजन कशाचे आणि कशाने लावायचे, यात मोठी चूक होते. पुष्कळजण शिशाचे छरे पांढऱ्या गोंदात कालवून बंद पोकळीत ओततात. पांढऱ्या गोंदातून हळूहळू सुटणारे ॲसिटिक आम्ल आणि हवा यांच्यामुळे शिशावर क्षार धरतो. हा क्षार मूळ शिशापेक्षा अधिक जागा व्यापतो. काही वर्षांत तो आतून दाब देत वाघिणीचे अंग फोडतो. परदेशातील जुन्या संग्रहांतील कितीतरी इंजिने अशीच फुटली आहेत. शिसे विषारीही आहे, विशेषतः मुलांच्या हाती. त्यापेक्षा लोखंडी नट, वॉशर किंवा पट्टीचे तुकडे घ्यावेत. उद्यमबागेसारख्या वसाहतीत ते किलोवर मिळतील. तेल धुऊन, पृष्ठभाग खरखरीत करून ते इपॉक्सीने तळाला बसवावेत. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही येथे नको, कारण तोच आंबट वास देणारे आम्ल लोखंड गंजवते.

बारकाव्यांची जोडणी

अंग उभे राहिले, वजन बसले, की खरे काम सुरू होते. संचात हातधरणीचे दांडे बहुधा भिंतीवरच कोरलेले असतात. ते धारदार पात्याने तासून त्या जागी तारेचे सुटे दांडे बसवले, तर वाघिणीचे रूप एकदम बदलते. खऱ्या दांड्याची जाडी २५ मिलिमीटर धरली, तर प्रतिकृतीत ती ०.३ मिलिमीटरच्या आतच येते. तेवढ्याच जाडीची पितळी किंवा फॉस्फर ब्राँझची तार घ्यावी. सर्व दांडे एकाच मापाचे व्हावेत म्हणून धातूच्या पट्टीला खाच पाडून साचा करावा आणि त्यावर तार वाकवावी. ०.४ मिलिमीटरच्या बारीक गिरमिटाने हातानेच भोके पाडावीत. विजेच्या गिरमिटाने प्लास्टिक वितळते. तार भोकातून आत घालून भिंतीच्या आतल्या बाजूने सायनोॲक्रिलेटचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावावा. बाहेरून डागही दिसत नाही आणि ताण गोंदाऐवजी भोकावर येतो. नाजूक भागांच्या बाबतीत हा नियम सर्वत्र लागू आहे: आधी खाच, भोक किंवा खिळी, मग गोंद.

ब्रेकच्या भागांत अचूकता हवी. ‘बॉक्सएन’ या नावातील ‘एन’ हा हवादाबाच्या ब्रेकचा निदर्शक आहे. म्हणजे तिच्या पोटाखाली हवेची टाकी, ब्रेक सिलिंडर, वितरण झडप आणि त्यांना जोडणारे दांडे दिसले पाहिजेत, आणि टोकाला हवेची बारीक रबरी नळी. जुन्या निर्वात ब्रेकच्या वाघिणींना मात्र जाड, वळ्यावळ्यांची नळी असे. दोन्हींची अदलाबदल केली, तर जाणकाराची नजर पहिल्यांदा तेथेच जाते. बारीक नळीसाठी प्लास्टिकचे आवरण असलेली विजेची पातळ तार चालते. जाड नळीसाठी तारेवर दुसरी बारीक तार दाट गुंडाळावी. टाकी आणि सिलिंडर पॉलिस्टायरिनच्या कांडीतून कापले, तर ते सिमेंटनेच तळाशी एकजीव होतात.

रंगकामाआधी सर्व भाग भांडी घासण्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळवावेत. साच्याचे तेल, बोटांचा चिकटपणा आणि गोंदाचा अंश राहिला, तर रंग तेथेच सोलतो. पितळी भागांना आधी धातूचा प्रायमर द्यावा.

क्रमांक लिहितानाही अंदाजाने आकडे लिहू नयेत. भारतीय वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, नंतरचे दोन बांधणीचे वर्ष, त्यापुढचे चार त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटचा पडताळणीचा आकडा. पडताळणीचा आकडा आधीच्या दहांवरून निघतो. त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक जुळण्याची शक्यता कमीच. स्टेशनच्या फलाटावरून दिसलेला खराखुरा क्रमांक टिपून ठेवणे हा उत्तम मार्ग. रुळांजवळ किंवा यार्डात उतरून तो टिपू नये. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही.

धातुक किती, कोळसा किती

गोव्यातील वाचकाला सर्वांत जवळचा बारकावा म्हणजे वाघिणीतला माल. येथील अनेक प्रतिकृतींत लोहधातुक काठोकाठ भरलेले दिसते आणि तीच चूक असते. बॉक्सएनची आतली जागा सुमारे ५६ घनमीटर आणि वाहून नेण्याची मूळ क्षमता सुमारे ५८.८ टन. एक घनमीटर लोहधातुक ढोबळमानाने दोन-सव्वादोन टन भरते. म्हणजे साधारण निम्मी वाघीण भरली, की वजनाची मर्यादा गाठली जाते. म्हणून खऱ्या गाडीत धातुक तळाशी ढिगाऱ्यांच्या रूपात दिसते आणि भिंतींचा वरचा भाग रिकामा असतो. कोळसा हलका, तो काठापर्यंत येतो. मुरगावहून घाट चढणारी कोळशाची गाडी आणि उलट दिशेने बंदराकडे उतरणारी धातुकाची गाडी शेजारी ठेवल्या, तर हा फरक स्पष्ट दिसावा.

माल बसवताना पुठ्ठ्याचा किंवा फोमचा उंचवटा आधी करावा. पांढरा थर्माकोल हा पॉलिस्टायरिनचाच फुगवलेला प्रकार असल्याने त्यावर प्लास्टिक-सिमेंट पडले, तर तो डोळ्यांदेखत विरघळतो. येथे पांढरा गोंदच हवा. वर चाळलेली भुकटी पसरावी, तिच्यावर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेले पाणी फवारावे आणि मग निम्मे पाणी घातलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडावा. साबणामुळे गोंद ढिगावर गोळा न होता आत झिरपतो. खरे धातुक वापरायचे असल्यास त्यावरून आधी चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटणारे कण पुढे इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतात.

कोकण रेल्वेवर १९९९ पासून धावणारी रोरो सेवा हाही गोव्यासाठी सुंदर विषय आहे. सपाट वाघिणीवर उभा ट्रक कोलाड-वेर्णा मार्गावर सर्वांनी पाहिलेला असतो. १:८७ प्रमाणातले ट्रक तयार मिळतात. ट्रक वाघिणीला चिकटवण्याऐवजी खऱ्याप्रमाणे चाकांपाशी अडणी आणि साखळी लावावी. मग तो हवा तेव्हा उतरवताही येतो.

पावसाळा आणि सुरक्षितता

कोकण-गोव्याची आणि बेळगावची दमट हवा हा या छंदातील न दिसणारा भागीदार. फेवीक्विकची उघडी नळी पावसाळ्यात लवकर घट्ट होते. ती घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसह थंड जागी ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवलीच, तर खाण्याच्या पदार्थांपासून दूर ठेवावी आणि खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर आतच दव धरते. पांढरा गोंद दमट हवेत वाळायला दुप्पट वेळ घेतो. घाई करून त्यावर रंग दिला, तर पुटकुळ्या येतात.

द्रावकांची वाफ डोके जड करते आणि पेट घेते. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, जवळ उदबत्ती किंवा गॅसची शेगडी नाही, एवढे पथ्य पाळावेच. ॲक्रिलिकचे फलक बनवणारे कारागीर कधी क्लोरोफॉर्म वापरतात. ते पाहून तो घरी आणू नये. सायनोॲक्रिलेट सुती कापडावर किंवा कापसावर सांडले, तर एकदम तापते, चटका बसू शकतो. म्हणून ते कापसाने पुसू नये. बोटे चिकटली, तर ओढू नयेत. कोमट साबणपाण्यात धरून हळूहळू सोडवावीत. डोळ्याला लागले, तर पाण्याने धुऊन थेट डॉक्टर गाठावा. पापण्या ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नये. इपॉक्सी वारंवार हाताळणाऱ्यांना त्वचेची ॲलर्जी होते, तेव्हा हातमोजे घालावेत.

जपायचे ते काय

हे सारे एका खेळण्यासाठी कशाला, असे विचारले जाईल. १८८० च्या दशकात मुरगावपासून घाटमाथ्यापर्यंत आलेली रेल्वे मीटरगेज होती. बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, कुळे या स्थानकांतून शंभर वर्षांहून अधिक काळ मीटरगेजच्या वाघिणी धावल्या. ३७ फुटांत एक फूट चढणारा ब्रागांझा घाट त्यांनी ओलांडला. नव्वदच्या दशकात रूळ रुंद झाले आणि त्या वाघिणी या मार्गावरून कायमच्या गेल्या. मधोमध एकच बफर असलेली त्यांची जोडणी, निर्वात ब्रेकची जाड नळी, लहानखुरे अंग हे सारे आज चाळिशीच्या आतील माणसाने या मार्गावर पाहिलेले असण्याची शक्यता फार थोडी.

एचओ प्रमाणात मीटरगेज सुमारे ११.५ मिलिमीटरचे होते आणि १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. म्हणजे ब्रॉडगेजपेक्षा या जुन्या गाडीची प्रतिकृती अधिक खरी उतरू शकते. तयार संच सहसा मिळत नाहीत, तेव्हा पॉलिस्टायरिनच्या पातळ पत्र्यातून ती स्वतःच कापावी लागते. त्यासाठी लागणारे मोजमाप काढण्याचे कसब, साचा बनवण्याची सवय आणि सहनशक्तीच्या मर्यादेत काम करण्याची शिस्त उद्यमबागेच्या लेथवर रोज वापरली जाते. आणि ती गाडी चालवलेली, जोडलेली, धुतलेली माणसे बेळगाव-लोंढा-वास्को पट्ट्यात अजून आहेत. त्यांच्याकडून नळी कोठे होती, रंग कसा होता, दाराचा अडसर कोणत्या बाजूला पडे, हे आताच विचारून लिहून ठेवता येईल.

अशी वाघीण बनवणाऱ्याने पहिला भाग चिकटवण्याआधी एक काम करावे. वापरत असलेल्या प्रत्येक प्लास्टिकचा टाकाऊ तुकडा घेऊन त्यावर आपल्याकडची सगळी चिकटद्रव्ये लावावीत, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख लिहावी आणि दुसऱ्या दिवशी एकेक जोड हाताने तोडून पाहावा. जो जोड तुटताना प्लास्टिकच फाटते पण जोड सुटत नाही, तोच वाघिणीवर वापरावा.